मोनालीचं स्थळ हटत नाही

लहानू मेश्राम रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीतून निवृत्त झाले आणि समाजातली लग्नं जुळवायला लागले. निवृत्तीनंतर माणसं बागकामही करतात, पण बीरगांवातल्या त्यांच्या घराला अंगण नव्हतं.

त्यासाठी काढलेल्या ब्लॉगच्या एकाच पानावर आधी मुलींची स्थळं, खाली मुलांची. तो इतका हळू उघडायचा, की एखाद्या मुलाचा फोटो पूर्ण दिसेपर्यंत त्याचं दुसरीकडे जुळलेलं असायचं. लोक कुरकुरायला लागले तेव्हा लहानूंनी कॅशेचं प्लगइन टाकलं. हे प्लगइन पानाची एक तयार प्रत ठेवतं आणि येईल त्याला तीच देतं. प्रत किती दिवस ठेवायची? लहानूंनी 'कायम' निवडलं. पानात बदल झाला की जुनी प्रत आपोआप काढायची का? ती खूण त्यांनी काढून टाकली. आपोआप होणाऱ्या कामावर त्यांनी तीस वर्षांत कधी भरवसा ठेवला नव्हता.

पुढच्याच महिन्यात त्यांच्या पुतणीचं, मोनालीचं, याच ब्लॉगवरून दुर्गच्या यशदीपशी जुळलं. लहानूंनी दोघांची स्थळं त्याच दिवशी काढली. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आठ दिवसांवर आलं आणि यशदीपच्या मामांचा फोन आला.

"मेश्रामजी, पोट्टी अजून दुसरीकडे दाखवून राहिले का? 'सरकारी नोकरीवाला पाहिजे' लिहून आहे. आमचा यशदीप प्रायव्हेटमध्ये आहे."

"काढलं जी मी ते!"

"मंग माह्या मोबाईलमध्ये काय भूत आलं?"

लहानूंनी कॉम्प्युटरवर पाहिलं. मोनाली कुठेच नव्हती. मामांनी मोबाईलचा फोटो पाठवला; लहानूंनी तो जुना ठरवला. मामांनी दुसरा पाठवला. त्यात मोबाईलशेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवलं होतं, पळवून नेलेल्या माणसाच्या फोटोत ठेवतात तसं. लहानूंनी मोबाईल बिघडलेला ठरवला. मामांनी साक्षगंध रद्द समजा म्हणून सांगितलं.

मोनाली शंकर नगरातल्या एका लॅबमध्ये रिपोर्ट टाईप करते. ती अर्धी सुट्टी टाकून आली.

"मोठेबाबा, तुम्ही लॉगिन करूनच पाहून राहिले न?"

"हव. मालक आहो मी."

"मालकाले ताजं पान दाखवते ते. बाकी दुनियेले जुनं!"

"मले काहून वेगळं दाखवन?"

तिने लॉगआउट केलं. पान लगेच उघडलं, तक्रारीला जागाच नव्हती. गुलाबी साडीतली मोनाली. खाली 'स्वभाव शांत'. आत्ता ती ज्या आवाजात बोलत होती तो पाहता, ही माहितीही जुनीच म्हणायला हवी. ती पान खाली सरकवत गेली, आणि थांबली.

तिने मामांना फोन लावला.

"मामाजी, ते पान उघडा. माझ्या खाली जा. मुलं लागली? सातवा कोण आहे?"

पलीकडे मामांनी सातपर्यंत मोजलं.

"यशदीप," मामा म्हणाले.

"काय लिहून आहे?"

"'नोकरी न करणारी मुलगी...'" मामांचा आवाज खाली आला. "हे त्याच्या आईनं लिहिलं असन."

"मी नोकरी करते, मामाजी. आता मी काय समजू?"

"मशीनचा घोळ आहे बेटा. साक्षगंध रविवारीच ठेवू."

लहानूंनी घाईघाईने पुन्हा लॉगिन केलं आणि जुन्या प्रती पुसायचं बटण शोधून त्यावर माऊस नेला. मोनालीने त्यांचा हात धरला.

"थांबा, मोठेबाबा. मामाजींचं पूर्ण वाचून होऊ द्या."