कप्तानाची आई

सोलापूरहून नळदुर्गला जाताना एसटीत शेजारी चाळिशीचा गडी बसला होता. उघड्या शर्टाआतल्या टीशर्टवर अंतराळयान, चेहरा सुतकी.

"आजी, पिच्चरचा दुसरा भाग बघून आलो. पहिल्यात ग्रह फुटून कप्तानाची आई मेली हुती. आता जिती दाखवली."

"बरंच झालं की!" मी हसले. तरुणपणी तंबूतल्या सिनेमात नायिका मेली म्हणून मी उपास धरला होता. पुढच्या सिनेमात ती नाचताना दिसली, तर या खुळीनं मारुतीला नारळ फोडला!

"मी सास्तूरचा. भूकंपात माझी आई गेली. कप्तानाची बी गेलेली, म्हणून त्यो आपला वाटायचा. आता मी एकलाच उरलो."

त्यानं वरच्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली. यान झाकलं गेलं. त्या नारळाचं मला पहिल्यांदाच हसू आलं नाही.