गोळी घेतली का?

जळगावच्या आमच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, पण खरा कारभार बेबाबाई सिस्टरचा. फैजपूरची बाई, आवाज खणखणीत. डॉक्टरसुद्धा त्यांना अक्का म्हणत आणि जरा जपूनच बोलत.

त्र्याण्णव साली पाचोऱ्याकडचे सुकदेव आबा प्रोस्टेटच्या तपासणीला आले. कॅन्सर आहे का, हे पाहायला गुदद्वारातून सुई घालून तुकडा काढतात. तिथले जंतू रक्तात शिरले तर जिवावर बेततं, म्हणून सिप्रोची गोळी तासभर आधी पोटात गेलीच पाहिजे. अक्कांनी विचारलं, "आबा, गोळी घेतली का?"

"लिधी ना, अक्का!"

तुकडा काढून आबा घरी गेले. तिसऱ्या दिवशी त्यांना परत आणलं, ते थंडीनं थडथड उडत होते. ताप एकशेचार. त्यांची बायको कमलबाई सदरा बदलायला गेली, तर खिशातून गोळ्यांची पट्टी पडली. एकही गोळी काढलेली नव्हती!

नऊ दिवस इंजेक्शनं चालली तेव्हा आबा वाचले. बोलायला लागल्यावर म्हणाले, "तुम्ही इचारं, लिधी का? मेडिकलमाईन लिधी ना! खावानं कोनी सांगं?"

म्हणजे आबांनी गोळी मेडिकलच्या दुकानातून ‘घेतली’ होती, खाल्ली नव्हती! मला हसू फुटलं. अक्का माझ्यावर भडकल्या, त्याहून जास्त स्वतःवर. "आबा खरंच बोलले. माझं विचारणंच चुकलं."

त्यानंतर त्या गोळी स्वतः रोग्याच्या हातावर ठेवत, पाणी पाजत आणि तोंड उघडायला लावत. डॉक्टरांनी घाई केली की घड्याळ दाखवत. "सुई तुमची, पण तास भरल्याशिवाय माणूस आत येणार नाही."

पहिला तुकडा अपुरा निघाला होता. चार महिन्यांनी आबांना पुन्हा बोलावलं, तर त्यांनी धसकाच घेतला. कमलबाई म्हणाली, अक्का असतील तरच येऊ. अक्कांनी गोळी दिली, डॉक्टरांनी या वेळी जोडीला इंजेक्शनही दिलं. सगळं यथासांग झालं.

तरी तिसऱ्या दिवशी अक्का मला घेऊन एसटीत बसल्या. आबा कपाशीत फवारत होते. अक्का सरळ वाफ्यातून चालत गेल्या आणि त्यांच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. एवढी खमकी बाई, पण तिथेच बांधावर बसून पदरात तोंड घालून रडली.