घडीवाले चाचा आणि बोटीवरचा फिका आकडा

अकोटचे घडीवाले चाचा माणसाशी बोलतानाही एक डोळा बारीक करायचे. जन्मभर भिंग लावून घड्याळं उघडल्याची ती सवय. माझ्याकडे तसं पाहिलं की यांना माझ्यातला बिघाड सापडलाच, असं मला वाटे.

मी जवळच्या धरणावर नवा अभियंता होतो. जुन्या बोटीतून हिंडून, तिच्यावरच्या यंत्रात पाण्याची खोली वाचायची आणि वर कळवायची, हे माझं काम. यंत्राचा पडदा इतका फिका पडला होता की आकडे दिसतच नसत. तसं कबूल करण्यात मला कमीपणा वाटला. मी अंदाजानं आकडे भरू लागलो, आणि आपल्या नजरेवर खूशही होतो.

त्या वर्षी पाऊस कमी झाला. कालव्याच्या शेवटच्या गावातली माणसं हरभरा पेरावा का, हे मला विचारायला आली, तेव्हा मात्र मी घाबरलो. यंत्र पिशवीत घालून एसटीनं अकोट गाठलं.

चाचांनी यंत्र उघडलं, काचेखालची रबराची पट्टी स्पिरिटनं पुसली, काचेवरची, एकाच दिशेनं उजेड सोडणारी, पिवळी पडलेली फिल्म सोलून काढली. नवी फिल्म मीच लावतो, असं मी पदवीच्या जोरावर म्हणालो. लावली, तर सगळा पडदा काळाठिक्कर. चाचा हसले नाहीत. त्यांनी फिल्म काढून आडवीची उभी केली, आणि पडद्यावर शून्यं शाईनं लिहिल्यासारखी उमटली.

पाण्यावर तपासल्याशिवाय चाचा यंत्र देत नव्हते, म्हणून माझ्यासोबत धरणावर आले. बोटीत ते पहिल्यांदाच बसले, दोन्ही कडा घट्ट धरून. धरणाच्या भिंतीजवळ आकडा आला तो माझ्या अंदाजाच्या निम्माही नव्हता.

"मंग इतके दिवस काय लिवून राह्यले होते?" त्यांनी विचारलं.

मी खरं सांगितलं.

"घडी मी बिघडवली त एका मानसाची यष्टी चुकते, साहेब. तुमचा आकडा चुकला त गावच्या गाव पेरून बसते."

त्याच दुपारी मी त्या गावी गेलो. पाणी पुरणार नाही, पेरू नका, असं सांगितलं. एकेक जण उठून गेला. खरे आकडे वर पाठवले, आणि माझी दर्यापूरला बदली झाली.

जाताना चाचांना भेटलो. खरं बोलल्याची शिक्षा मिळाली, असं मी जरा छाती काढूनच सांगितलं.

"खऱ्याची नाही, साहेब," ते शांतपणे म्हणाले. "आधीच्या खोट्याची."

मग त्यांनी चहा मागवला. मी तो खाली मान घालून प्यालो. ती आमची शेवटची भेट.