जाळीआडचं कुंकू

त्या काळी नुकसानभरपाईच्या कायद्यात मालकांच्या वकिलांना फार आवडणारी एक वाट होती. कामगाराने यंत्रावरचं संरक्षण मुद्दाम काढलं आणि त्यामुळे इजा झाली, की मालक सुटला. मौद्याच्या रस्त्यावर कापसाची जिनिंग चालवणारे एक मालक याच भरवशावर माझ्याकडे आले. दसऱ्याच्या दिवशी त्यांच्या तेलवाल्याच्या, म्हणजे यंत्रांना तेल घालणाऱ्या माणसाच्या, उजव्या हाताची मधली तीन बोटं दातेरी चाकात गेली होती. चाकावरची लोखंडी जाळी आपणच काढली, हे तो कबूल करत होता.

मला नको तिथे नाक खुपसायची खोड आहे. टांगा करून मी जिनिंगवर गेलो. तेलाच्या डब्याला हातभर लांब चोच होती, जाळीच्या भोकातून तेल सहज आत पडे. मग या शहाण्याने जाळी काढली कशाला? हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. मी वाकून आत पाहिलं. चाकाच्या मध्यभागी, तेलाने काळं पडलेलं कुंकू होतं.

"हे कुणी लावलं?" मी मालकांना विचारलं.

"मीच. दसऱ्याले हंगामाचा मुहूर्त असते ना! जाळीची पूजा कोनी करते काय, वकीलसाहेब? टिळा चाकालेच लागला पाहिजे."

"म्हणजे जाळी तुम्ही काढायला लावली?"

"सांगितलं मी. पन काढली तर त्यानंच ना!"

"आणि परत का नाही बसवली?"

"चाक चालू झालं होतं! मुहूर्ताचं चाक दिवस मावळेपर्यंत थांबवत नाही आपल्याकडे."

मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. तुमच्या हुकमाने काढली तर दोष त्याचा कसा, हे मी परोपरीने सांगितलं. भरपाई देऊन मोकळे व्हा, म्हटलं. ते हटून बसले. पूजेचं कोर्टात काय काम, एवढंच त्यांचं म्हणणं.

सुनावणीत समोरच्या वकिलाने त्यांना नेमकं तेच विचारलं. दसऱ्याला यंत्राची पूजा केली होती का? नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर तेलवाल्याच्या हाती काही लागलं नसतं. मालकांनी भरपाईचा निवाडा करणाऱ्या कमिशनरसाहेबांकडे पाहिलं. मग त्यांनी तिथेच, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, हात जोडले.

"केली. दरसाल करतो. जाळी मीच काढाले लावली."

खटला आम्ही हरलो. मालक माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं, पण पुढच्या दसऱ्याला त्यांचं बोलावणं आलं. तेलवाला आता जिनिंगच्या फाटकावर कामाला होता. जाळी जागच्या जागी होती. मालकांनी त्याला पुढे बोलावून कुंकवाची वाटी समोर धरली.

"यंदा तू लाव गा. म्हनशील तर जाळी काढतो, चाक बंदच आहे."

त्याने सवयीने उजवा हात वाटीकडे नेला. टिळा लावायचं बोटच नव्हतं. मग त्याने अंगठा कुंकवात बुडवला.

"राहू द्या, मालक," तो म्हणाला. "मी जाळीलेच लावतो."