सरांची शांतता आणि माझा उजवा डोळा

“सेंट्रल सिरस कोरिओरेटिनोपथी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी स्वतःच सोपं करून सांगितलं. “डोळ्याच्या आत मागे पडदा असतो ना, त्याच्याखाली पाणी साचलंय. तेही नेमकं मधोमध. म्हणून समोरच्याचे कान दिसतात आणि नाक दिसत नाही.”

एरवी मला हसू आलं असतं. पण त्या बोलत होत्या तो माझा उजवा डोळा होता आणि डावा लहानपणापासून मंद आहे. शाळेत कुणाच्या लक्षात आलं नाही, आलं तेव्हा उशीर झाला होता. वाचणं, स्कूटर चालवणं, तांदूळ निवडणं, सगळं मी उजव्यावरच करते. तो गेला तर मी बसलेच.

मग त्यांनी प्रश्न सुरू केले. स्टेरॉइड घेता का? नाही. झोप किती? जेवढी मिळते तेवढी. कामाचा ताण आहे का? यावर मी काय उत्तर दिलं असेल? म्हटलं, नाही हो, ताण कसा घ्यायचा नाही याचंच शिक्षण घेतेय मी गेलं वर्षभर. त्यांनी मान वर करून बघितलं. मी खरंच बोलत होते. पण ते वाक्य माझ्याच कानाला इतकं खोटं लागलं की तिथल्या तिथे मला राग आला. तो अजून गेलेला नाही. ज्यांना आजारपणाच्या अनुभवात गोड गोड वाचायचं असेल त्यांनी इथेच थांबावं.

मी कळंबच्या बाजूला एका मोठ्या रिसॉर्टवर मॅनेजर आहे. राहते पळसदरीला. नवरा, प्रमोद, खालापूरकडच्या कारखान्यात पाळीवर जातो. आमच्या मालकांचे चार रिसॉर्ट आहेत आणि चारींवर देखरेख सबनीस सरांची. हॉटेलधंद्यात त्यांचे केस पांढरे झाले. कुणी पाहुणा अंगावर धावून आला तरी सरांच्या कपाळावर आठी नाही. मालकांना वाटलं, ही शांतता आमच्यात उतरावी. म्हणून मेंटॉरिंग सुरू झालं. म्हणजे काय, तर अनुभवी माणसानं खालच्यांना हाताशी धरून शिकवायचं. विषय ठरला, काम आणि घर यांचा तोल.

हे वर्ग मंगळवारी. आमच्या धंद्यात शनिवार-रविवार पाहुण्यांचे, मंगळवार आमच्या सुट्टीचा. तोल शिकवायला त्यांनी आमची सुट्टीच घेतली आणि आम्ही सगळ्या शहाण्यांनी वह्या उघडून लिहून घेतलं. सर सांगायचे, रविवार घरच्यांना द्या. रविवारी आमच्याकडे स्विमिंग पूलच्या कडेला पाय ठेवायला जागा नसते. ते त्यांना माहीत नव्हतं असं नाही. सरांचं सगळ्यात आवडतं वाक्य होतं, “सातनंतर मी फोन उचलत नाही. जग बुडत नाही.” मला ते पटायचं. मीही आठवडाभर करून बघितलं. पण माझ्या फोनवर सातनंतरच गर्दी व्हायची. मला वाटलं, मीच कमी पडतेय. माझ्यातच शिस्त नाही.

डोळ्याचं पहिलं लक्षण स्वागतकक्षात दिसलं. फरशीच्या रेघा वाकड्या दिसायला लागल्या. मग रजिस्टरवरचे आकडे बारीक झाले, रंग धुतल्यासारखे. नजरेच्या बरोबर मध्ये एक राखी डाग, जिकडे बघावं तिकडे आधी तोच हजर. मी चष्मा पुसला. दुसरा केला. लग्नाचं बुकिंग होतं, म्हणून डॉक्टर पुढे ढकलला. वाचणाऱ्यांनी एवढं करा. अधूनमधून एक डोळा झाकून फरशीच्या रेघांकडे बघा, मग दुसरा झाकून. रेघ वाकडी दिसली तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. कुणाच्या मुलीचं लग्न तुमच्यावाचून अडत नाही.

कर्जतला त्या डॉक्टरीणबाईंकडे आधी डोळ्यांत थेंब घातले. चुरचुरतात, मग बाहुली मोठी होते आणि जवळचं काही दिसेनासं होतं. बाकावर बसून राहायचं. तेवढ्यात फोन वाजला, कुणाचा ते वाचता येईना. उचलला तर एक बाई तावातावानं म्हणाल्या, सबनीसांना लावलाय, तुम्ही कोण मध्येच? असे फोन मला नेहमी यायचे. वाटायचं, सरांनी माझा नंबर दिला असेल. बाईंची खोली बदलून दिली, तिथूनच. डोळे मिटून.

पुढची तपासणी पनवेलला. ओसीटी म्हणजे पडद्याचा थरांसकट फोटो. हनुवटी टेकवून यंत्रात बघायचं. तिथला मुलगा म्हणाला, मॅडम, हिरवी फुली दिसते ना, तिच्याकडेच बघत राहा. मला फुली दिसत नव्हती. ती बरोबर त्या डागामागे होती. तो पुन्हा म्हणाला, फुलीकडे बघा. मी त्याच्यावर ओरडले आणि मग रडले. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादी गोष्ट खरंच दिसत नव्हती.

अँजिओग्राफीसुद्धा झाली, डोळ्याची. हातातून पिवळं औषध सोडतात आणि ते पडद्यात कुठे गळतंय ते बघतात. मळमळलं. दिवसभर लघवी पिवळीजर्द. त्याला घाबरू नका, मला कुणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून सांगते.

रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बहुतेकांचं पाणी तीन-चार महिन्यांत आपोआप सुकतं. तुमचं नाही सुकलं तर लेझरचा विचार करू. पण ते लांबलं किंवा पुन्हापुन्हा झालं तर मधली नजर कायमची अधू होऊ शकते आणि तुमच्याकडे दुसरा डोळा नाही. ताणामुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण जागरण आणि ताण असलेल्यांमध्ये हे जास्त दिसतं. झोपा. पूर्ण झोपा.”

मी रजा टाकली. सरांनी फळांची टोपली पाठवली. ड्रॅगनफ्रूटसुद्धा होतं त्यात. मग फोन आला, अतिशय मायेचा. ताण म्हणजे आपण परिस्थितीकडे कसं बघतो ते, वगैरे. ज्या बाईला मधलं काहीच दिसत नाही तिला माणूस सांगतोय, कसं बघायचं ते. शेवटी म्हणाले, घरीच आहेस, तर फोन तेवढा चालू ठेव.

ठेवला. रजेवर असून फोन थांबेनात. एका संध्याकाळी प्रमोद शेजारी बसला होता. पलीकडचा माणूस नेहमीसारखं म्हणाला, मी तर सबनीस साहेबांना लावला होता. प्रमोदनं माझ्या हातातून फोन घेतला, त्या माणसाला विचारलं, कुठला नंबर लावलात? त्यानं वाचून दाखवला. सरांचा नंबर होता.

“अगं, त्यांनी फोन वळवून ठेवलाय,” प्रमोद म्हणाला. “ते उचलत नाय, मग तुझ्याकडे येतो.”

वर्षभर मी स्वतःला बेशिस्त समजत होते. सर सातनंतर फोन उचलत नव्हते हे खरं होतं. जग बुडत नव्हतं हेही खरं होतं, कारण ते माझ्या उशाशी वाजत होतं. ती सगळी शांतता, तो न चढणारा आवाज, ते सगळं माझ्या झोपेवर पोसलं होतं. सासूबाई कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, “तू दुसऱ्याचं वझं वाहतेस आणि वर त्यालाच गुरू म्हणतेस. डोळा फुटल्यावर मंग काय करणार हायेस?”

दुसऱ्या दिवशी मी सरांना फोन केला. वाटलं होतं, ओशाळतील. मुळीच नाही. हसले. म्हणाले, “शुभांगी, यालाच डेलिगेशन म्हणतात. माझ्या वरच्यांनी मला हेच शिकवलं. तू एकटीच का घेऊन बसलीस? तूही खाली देत जा. वैशालीच्या फोनवर वळव, झालं.”

सांगितलं ते प्रामाणिकपणे, हेच मला जास्त लागलं. लबाड असते तर भांडले असते. इतकी वर्षं कुणीतरी कुणाला तरी हा एकच धडा देत खाली आलंय, आणि ज्याच्या खाली कुणी नाही त्याला कुणी वर्गातच बोलावत नाही.

वैशाली माझी सहायक. डोंगराखालच्या ठाकूरवाडीची, दोन वर्षांची मुलगी आहे तिला. माझं काम आधीच तिच्या अंगावर पडलं होतं. त्याच आठवड्यात ती मला बघायला आली, ड्यूटी संपवून. पिशवीत काकड्या आणि चवळीच्या शेंगा. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तर ती बसल्या जागी झोपली होती, पिशवी मांडीवर, तोंड उघडं. सासूबाईंनी मला हातानं गप्प केलं. तो चहा तसाच गार झाला. जागी झाल्यावर ती म्हणाली, “ताई, सरांनी सांगितलंय तुमचे फोन आता मला येतील. कधीपासून?”

“येणार नाहीत,” मी म्हटलं. आणि तिच्यासमोर माझा फोन बंद केला. वळवला नाही. बंद.

गोंधळ झाला. होणारच होता. सरांनी प्रमोदच्या फोनवर मला गाठलं आणि चिडले, पहिल्यांदा चिडलेले ऐकले मी त्यांना. मालकांना काय सांगू, म्हणाले, परत आलीस तर तुझी जागा असेलच असं नाही. प्रमोदचा चेहरा उतरला. मला भीती वाटली, पण नोकरीपेक्षा डोळ्याची जास्त होती. नोकऱ्या कर्जत-खालापूर पट्ट्यात रस्तोरस्ती रिसॉर्ट आहेत तितक्या आहेत. डोळा एकच.

मग नुसती वाट. डॉक्टरांनी चौकटींचा एक कागद दिला होता, मध्ये ठिपका. तो फ्रिजवर चिकटवला. रोज सकाळी डावा डोळा झाकून बघायचं. चौकटी मध्ये पिचकलेल्या, ठिपका गायब. वाचायचं नाही, टीव्ही नाही, तर करायचं काय? झोपले. सुरुवातीला झोप येईना, फोन न वाजताच दचकून उठायचे. मग यायला लागली. पळसदरीच्या धरणाच्या कडेनं चालायला जायचे, सासूबाई बरोबर, खड्डा आला की हात धरायच्या. कधीतरी चौकटी सुटायला लागल्या. एक दिवस ठिपका दिसला, अंधूक. मी सासूबाईंना ओढत फ्रिजपाशी नेलं. त्यांना काय कळणार, पण त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

शेवटच्या ओसीटीत पाणी गेलं होतं. मला हिरवी फुली दिसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडा फिकेपणा राहील, तो बहुधा जाणार नाही, आणि पुन्हा होणारच नाही असंही नाही. आजही झेंडू मला उजव्या डोळ्यानं जरा उतरलेला दिसतो. चालतं मला. त्या बाईंचे उपकार फिटणार नाहीत. पाणी कुणी सुकवलं नाही, ते आपोआप सुकलं. पण ‘झोपा’ हे एवढं साधं मला आजवर दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं.

नोकरी गेली नव्हती. परत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात सरांनी नव्या मॅनेजरांचा वर्ग ठेवला आणि मला बोलायला सांगितलं. आजारातून उठून तोल कसा साधला, वगैरे. मी म्हटलं, येते, पण मंगळवारी नाही. बुधवारी ठेवला.

सर बोलत होते. त्यांचा फोन टेबलावर, आवाज बंद करून. सातनंतरचं वाक्य आलं. समोर मुलं-मुली लिहून घेत होती. आणि माझा फोन वाजला. त्यांनी अजून वळवणं काढलेलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उचलला. एक पाहुणे म्हणत होते, सबनीसांना लावलाय, इथे गरम पाणी येत नाही.

मी उठले, पुढे गेले आणि फोन सरांच्या हातात दिला.

“सर, तुमचा आहे.”

त्यांनी कानाला लावला. “हो, हो,” म्हणाले. मग फोनवर हात आडवा धरून मला हळूच विचारलं, “गरम पाण्याचं इथे कुणाला सांगतात?”

“तुम्ही बघून घ्या,” मी म्हटलं.

ते फोन घेऊन बाहेर गेले. दार लागलं. मी त्यांच्या खुर्चीवर बसले नाही, आपल्याच जागेवर बसले आणि त्या मुलामुलींना विचारलं, रात्री तुमच्या फोनवर कुणाकुणाचे फोन येतात?

मग मागच्या बाकावरच्या एका मुलीनं पेन खाली ठेवलं आणि ती बोलायला लागली.