गाळलेल्या आठ नोंदी

माझी बायको अलका येलहंक्याच्या एका खासगी इस्पितळात सव्वीस वर्षं एक्स-रे काढते आहे. ‘उसिरु हिडकोळ्ळी, श्वास धरा’ हे ती कानडीत, मराठीत, तमिळमध्ये सारख्याच दरडावणीने सांगते. घरातही तोच सूर.

गेल्या वर्षी इस्पितळात सीटी स्कॅनचं नवं यंत्र आलं आणि पाठोपाठ फर्मान निघालं. सीटीचं प्रमाणपत्र असेल त्यानेच यंत्र चालवायचं, बाकीच्यांनी नोंदणीच्या खिडकीत बसायचं. खिडकीत बसण्यापेक्षा घरी बसेन, असं म्हणत चोपन्नाव्या वर्षी बाई अभ्यासाला लागली.

परीक्षेला शंभर स्कॅनची वही द्यायची होती. वरिष्ठांच्या देखरेखीखाली केलेले स्कॅन, आणि त्यातला कोणता पुन्हा करावा लागला, का, तेही. पुन्हा म्हणजे रोग्याच्या अंगावर दुप्पट किरणं. अलकाच्या कच्च्या वहीत असे अकरा होते. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून पक्की वही मी उतरवली.

मी तीस वर्षं सरकारी कारखान्यात गुणवत्ता तपासनीस होतो. जिथून एकही माल परत येत नाही तिथे कोणी तपासतच नाही, असं मीच नव्या पोरांना ऐकवायचो. तरी बायकोचे अकरा मला सलले. मी त्यातल्या आठांपुढची ‘पुन्हा’ची नोंद गाळली आणि तिला सांगितलं नाही.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी कौतुकाने विचारलं, “तीनच?”

“नाही सर, अकरा. ही वही चुकीची आहे.” ती कोणी लिहिली, ते तिने सांगितलं नाही.

“सरी, ठीक आहे,” म्हणत त्यांनी वही परत केली. सहा महिन्यांनी या. तोवर खिडकी.

घरी येऊन ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने कोरी वही माझ्यापुढे ठेवली. “लिहा.”

कच्च्या वहीत नावांऐवजी नुसते क्रमांक होते. माणसं तिच्या डोक्यात होती.

“एकोणीस. फुलवाली अक्का, डोक्याचा स्कॅन. कानातलं काढायचं राहिलं, माझी चूक. चौतीस. नागराज, रिक्षावाला. कण्हत होता, मी घाई केली. अडुसष्ट. छाती. मध्येच श्वास सोडला. आधी सराव करून घ्यायला हवा होता.”

“हा कोण?”

“तुम्ही. मार्चमधला खोकला.”

मी गाळलेल्या आठांत तो होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अडुसष्ट लिहिलं, त्यापुढे तिची चूक लिहिली आणि पेन टेकवून बसून राहिलो.

“सोडा आता,” अलका म्हणाली. तेव्हा कळलं, मी श्वास धरून बसलो होतो.