आखणीची बैठक

बाईंना कोणी "तुमची भूमिका काय?" असे विचारले की त्या आधी चष्मा काढीत, पदराच्या टोकाने दोन्ही काचा पुसत, चष्मा पुन्हा नाकावर बसवत आणि मग विचारत, "कुठल्या बाजूनं बघून सांगू?"

पत्रकारांना हे आवडत नसे. कॅमेरा चालू असताना उमेदवाराने काचा पुसत बसावे आणि वर आपल्यालाच प्रश्न विचारावा, म्हणजे काय? मला मात्र त्याचे कुतूहल वाटे. माणूस उत्तर टाळू लागला की त्याचे बोलणे सहसा लांबते. बाईंचे आखूड होई. तुम्ही राजकारणातली माणसे जवळून पाहिली असतील, तर हा फरक किरकोळ नाही हे मान्य कराल.

बाई तेव्हा पेणच्या नगराध्यक्ष होत्या आणि विधानसभेची तयारी करत होत्या. त्याआधी बरीच वर्षे त्यांनी शाळेत मराठी शिकवले होते, त्यामुळे अर्धे गाव त्यांना पदाने नव्हे, 'बाई' म्हणूनच ओळखे. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून, धाटावच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काही काळ काम करून, पीएच.डी.च्या प्रवेशाची वाट पाहत होते. बाईंना आपल्या भूमिका कागदावर नीट मांडून हव्या होत्या. मला हवा, पाणी आणि माती यांविषयीची धोरणे प्रत्यक्षात जन्मतात कशी हे पाहायचे होते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे नाव 'आमची प्रयोगशाळा' असे ठेवले. "प्रयोगशाळेला विचारा," असे त्या कार्यकर्त्यांना सांगत, आणि कार्यकर्ते मला काहीही विचारत नसत.

त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत वादग्रस्त निर्णय ऐकायला अगदी साधा होता. वॉर्डसभा संध्याकाळी भरत, त्या त्यांनी दुपारी भरवायला सुरुवात केली. एका जुन्या सदस्यांनी तक्रार केली की दुपारी माणसे कामावर असतात. "कुठली माणसं?" एवढेच बाईंनी विचारले. पुढच्या सभेत नळाच्या पाण्याच्या वेळेवर बायका इतक्या बोलल्या की इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनाने जादा कागद मागवला.

धाटावला आम्ही शिफ्ट सुटायच्या वेळी गेलो. रसायनांच्या कारखान्यांविषयी बोलणे म्हणजे त्या भागात नोकऱ्यांविषयी बोलणे, हे बाई जाणून होत्या. 'प्रदूषण' हा शब्द त्यांनी उच्चारलाच नाही. हवेत काय सोडले जाते ते रोज गेटवरच्या फलकावर मराठीत लिहिले पाहिजे, यासाठी मी कायदा मागेन, एवढेच त्या म्हणाल्या. हेल्मेट हातात घेतलेला एक कामगार हसत म्हणाला, "बोर्ड लावाल ओ बाई, पन तो वाचायला शिफ्टमधनं सोडनार कोन?" बाई म्हणाल्या, "म्हणून तर गेटवर. आत जातानाच वाच." तो हसायचा थांबला. मागून कोणीतरी विचारले की वाचून पुढे काय करायचे, आत जायचे की घरी? बाईंनी चष्मा पुसला आणि तो प्रश्न मला वहीत उतरवून घ्यायला लावला.

कासू गावाच्या पलीकडच्या एका वाडीत तर एका म्हातारीने त्यांना दारातच अडवले. तिचे घर पिढ्यान्‌पिढ्या तिथेच, पण घराखालची जमीन कागदोपत्री भलत्याच्याच नावावर. "नाव लावशील गो माझं," तिने विचारले, "का नुसतं घेऊन जाशील भाषनात?" बाई तिच्या ओट्यावर बसल्या आणि गाडीत परतल्यावर मला म्हणाल्या, "व्याकरण बघितलंस? नाव एकच, क्रियापदं दोन, लावणं आणि घेणं. त्यात निवडणूक सांगितली." दुसऱ्या दिवशी त्यांच्या सर्व भाषणांतून त्या वाडीचे नाव गाळले गेले आणि घराखालची जमीन राहणाऱ्याच्या नावे करण्याची मागणी मात्र सर्वांत वर गेली.

पण पेणमध्ये कुठलीही भूमिका अखेर गणपतीपाशी येऊन थांबते. प्लास्टरच्या मूर्ती की शाडूच्या? बंदी येणार, उठणार, पुन्हा येणार, या चर्चेत पेणजवळच्या हमरापूरच्या मूर्तिकारखान्यांची कित्येक वर्षे गेली होती. माझ्यापुरता प्रश्न सुटलेला होता: प्लास्टर पाण्यात लवकर विरघळत नाही, माती विरघळते. बाईंसाठी लिहीत असलेल्या मसुद्याच्या पहिल्याच पानावर मी तसे लिहिले आणि वर शीर्षक दिले, 'धोरण आखणी'.

मूर्तींच्या कारखानदारांचा पाठिंबा असेल तरच पक्षाचे तिकीट मिळणार, हे उघड होते. प्लास्टर कायम राहील असे बाईंनी त्यांच्यासमोर जाहीर करावे, म्हणून जिल्ह्याचे नेते स्वतः हमरापूरला यायचे ठरले. आमच्या कार्यालयातून हमरापूरच्या कारखान्यांना संदेश गेला. पाठवणाऱ्या कार्यकर्त्याने शीर्षक माझ्याच मसुद्यातून उचलले आणि लांबलचक नको म्हणून पहिला शब्द गाळला: 'रविवारी दुपारी आखणीची बैठक. सर्वांनी यावे.'

आता हा संदेश पुण्यात गेला असता तर काहीच झाले नसते. पण पेणच्या कारखान्यांत 'आखणी' म्हणजे मूर्तीचे डोळे काढणे. ते काम घरोघरच्या बायका करतात, मूर्तीमागे मजुरी घेऊन.

रविवारी आम्ही पोहोचलो तेव्हा कारखान्याची शेड आखणीवाल्या बायकांनी भरली होती. पुढच्या सगळ्या खुर्च्या त्यांच्या. कित्येकींच्या मांडीवर ब्रशांच्या पिशव्या. कारखानदार मागे भिंतीला टेकून उभे. नेत्यांनी बाईंना बाजूला घेऊन विचारले की ह्यांना कोणी बोलावले. ते ऐकून पुढच्या रांगेतली, गालावर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे असलेली एक बाई उठली आणि म्हणाली, "आखनीची बैठक म्हनून लिवलंय. आखनी आमीच करतो."

"मराठी बरोबर आहे," बाई म्हणाल्या आणि तिला बसायची खूण केली.

मग त्यांनी तिलाच विचारले, प्लास्टर की शाडू?

"डोळं दोन्हीला सारखंच काढायचं, बाई. पन माती सुकायला वेळ लागतो, मूर्ती कमी व्हतात. मूर्ती कमी म्हंजे आखनी कमी. आना शाडू, आमी नाय म्हनत नाय. ठरवताना आमाला धरा, येवढंच."

मागून एक कारखानदार बोलले. आवाजात राग नव्हता, समजूत घालण्याचा सूर होता. "बाई, प्लास्टर कायम राहणार एवढं एक वाक्य बोला. उद्यापासून आम्ही तुमच्या प्रचारात."

बाईंनी चष्मा काढला. काचा पुसल्या. मी त्यांचा नेहमीचा प्रश्न मनात म्हणूनही टाकला. पण त्या दिवशी त्यांनी तो विचारला नाही.

"प्लास्टर कायम राहील असं मी म्हणणार नाही, कारण ते राहणार नाही. उद्यापासून बंद करा, असंही म्हणणार नाही. माती आणायची तर आधी सगळ्यांना मिळून सुकवायच्या शेड हव्यात. आणि जोवर मूर्ती कमी होतील, तोवर आखणीवाल्यांची बुडालेली मजुरी सरकारनं भरायची. ही माझी भूमिका."

नेत्यांनी फोन कानाला लावला आणि ते बाहेर गेले. कारखानदार एकेक करून निघाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या आपसात बोलत राहिल्या, शेडला दार कुठल्या दिशेला हवे यावर.

गाडीत मी म्हटले की तिकीट गेले. "व्हय," बाई म्हणाल्या. मग माझ्या मांडीवरच्या मसुद्याकडे बोट दाखवून त्यांनी सांगितले, "आधी माती, मग सुकणं, मग रंग. डोळे शेवटी. तू पहिल्या पानावरच डोळे काढलेस, प्रयोगशाळा."

मी सगळा मसुदा पुन्हा लिहिला. आज माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक विचारतात, तुम्ही निष्कर्षाला इतका उशीर का लावता? त्यांना हमरापूर कुठे आहे ते ठाऊक नाही.

बाई अपक्ष उभ्या राहिल्या. मतमोजणीच्या दिवशी त्या केंद्रावर आल्याच नाहीत. शेवटची फेरी संपल्यावर मी त्यांना शोधत हमरापूरला गेले. त्याच शेडमध्ये माघी गणपतीच्या मूर्ती रांगेने उभ्या होत्या आणि शिंतोडेवाली बाई एका मूर्तीसमोर बसली होती. शेजारच्या पाटावर आमच्या बाई. मी दारातून काही बोलणार, तोच दोघींनीही हात वर केला. तिथला रिवाज असा की एक डोळा काढून झाला आणि दुसरा व्हायचा असला, तर मध्ये कोणी बोलायचे नाही.

मी थांबले. बाईंचा फोन मांडीवर उजळत होता, विझत होता. त्या ब्रशाच्या टोकाकडे पाहत होत्या. दुसऱ्या डोळ्याची बाहुली भरली गेली. मूर्ती आमच्याकडे पाहू लागली.

"सांग आता," बाई म्हणाल्या.

मतदारसंघात आम्ही तिसरे होतो. हमरापूरच्या केंद्रांवर पहिले. दोन्ही खरे होते, आणि आधी कुठले सांगावे ते मला ठरवता येईना.

"कुठल्या बाजूनं बघून सांगू?" मी विचारले.

बाई हसू लागल्या. चष्मा काढून त्यांनी पदरात धरला, पण पुसला नाही.

"म्हणजे पडले," त्या म्हणाल्या, आणि शेजारणीकडे वळल्या. "पुढची घे गो. उजेड आहे अजून."